मापाची पन्नी

भटारखान्यातल्या शांतम्माच्या हातातली कात्री प्लास्टिकच्या पन्नीच्या कोपऱ्यावर चालली, लाल तर्रीची धार डब्यात उतरली, आणि आरतीच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हा डबा दुसऱ्या कुणाचा तरी असणार. पण डब्यावर नाव घातलेलं होतं. लग्नाच्या वेळी तिच्या आईनं नांदेडच्या भांड्याच्या दुकानात ठोकणाऱ्याच्या उरावर बसून घालून घेतलेलं, अक्षरं वाकडी, पण नाव तिचंच. स्कूटीच्या स्टँडचं काळं हाताला लागलं म्हणून ती हॉटेलच्या मागच्या नळावर आली होती. अडीच वर्षांत ती कधी मागं आलीच नव्हती. येणार कशाला? समोर बायांची वेगळी खिडकी होती, डबा आत द्यायचा, दोन मिनिटांत भरून परत. मागच्या दारातून मात्र भटारखाना सगळा उघडा दिसत होता. एका मोठ्या टोपल्यात शेवभाजीच्या गरम पन्न्या रबर लावून, फुगून, एकीवर एक निजवलेल्या. शांतम्मा एक उचलायची, कोपरा कापायची, डब्यात ओतायची, आणि वर चिमटीत धरून म्हशीच्या सडातून शेवटचा थेंब काढावा तशी पिळायची. मग रिकामी पन्नी निळ्या ड्रममध्ये. ड्रम गळ्यापर्यंत आला होता. रविवार होता, खिडकीशी पंचवीस-तीस बाया होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात डबा होता.

“काय बघायलाव अक्का?” शांतम्मानं विचारलं. देगलूरकडची बाई, बोलताना शब्दाला शेवटी हेल. “कमी न्हाई घातलं. बघा, पन्नी पुरी पिळली.”

“हे... पन्नीतून कामून?”

“मग माप कशानं घेऊ?” असं म्हणून तिनं पुढची पन्नी उचलली सुद्धा.

आरती हात तसेच ओले घेऊन पुढं आली. खिडकीतून तिचं नाव पुकारलं गेलं, तिनं डबा घेतला. डबा गरम होता, नेहमीसारखा. वर पाटी होती, हिरव्या रंगात रंगवलेली: ‘डबा आणा, पन्नी टाळा. डबेवाल्या भगिनींसाठी वेगळी खिडकी.’ आणि खाली बारीक अक्षरात तिचं नाव, मागं ‘सौ.’ आणि पुढं ‘ताई’. लातुरात एका शाळेत क्लार्क असलेल्या, हजेरीपुस्तकं आणि दाखले यांच्या ढिगाऱ्यात सतरा वर्षं पुरलेल्या बाईचं नाव जगात दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं, एक त्या डब्यावर आणि एक ह्या पाटीवर. रेशनकार्डावर होतं ते नवऱ्याच्या नावाखाली. पाटीवरचं तिनं स्वतः कमावलं होतं. अडीच वर्षांपूर्वी कॉलनीतल्या गटारीत पन्न्या तुंबून घाण पाणी दीपमालाच्या देवघरात शिरलं, तेव्हा सगळ्या बाया नगरसेवकाला शिव्या देत होत्या, आणि आरती म्हणाली होती, “नगरसेवक काय पन्नीत भाजी आणतो का? आपणच आणतो.” तिथून सुरू झालं. एकेकीच्या दारात जाणं, फोनवरचा गट, आणि शेवटी बालाजीमामाच्या हॉटेलात चौदा बायांनी एकदम जाऊन उभं राहणं. रविवारची शेवभाजी निम्मी कॉलनी त्याच्याकडूनच आणायची. बालाजीमामानं हात जोडले होते. गिऱ्हाईक म्हणलं की तो हातच जोडायचा. नवरा तिला ‘पर्यावरणमंत्री’ म्हणायला लागला. ती चिडल्यासारखं करायची, पण तो म्हणायचा थांबला असता तर तिला चुकल्यासारखं झालं असतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही.

घरी आल्यावर साखराबाईनं डबा उघडून ताटं वाढली. साखराबाई म्हणजे सासू, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. “आज तोंड का उतरलं गं? मीठ जास्त हाय का?” आरतीनं घास घेतला. भाजी तीच होती. काळ्या मसाल्याचा ठसका तोच, वर तरंगणारं तेल तेच. फक्त तिला त्यात आता पन्नीचा वास यायला लागला, तापलेल्या पन्नीचा गोडसर, मळमळणारा वास. तो आजच आला की अडीच वर्षं येतच होता आणि तिच्या नाकानं त्याला पाटीच्या दारातून आत घेतलंच नव्हतं? जेवण झाल्यावर साखराबाई मोरीत पाटावर बसली, गुडघा धरून, ‘आई गं’ म्हणत, आणि डबा घासायला लागली. तर्रीचं तेल एका पाण्यानं निघत नाही. राख लागते, साबण लागतो, तीन पाणी लागतात, आणि लातुरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही पाहुण्यासारखं, थांबायच्या आधी निघायच्या गडबडीत. ज्या उन्हाळ्यात गावाला पाणी रेल्वेनं आलं होतं, त्या उन्हाळ्यात ह्याच घरात महिनाभर सगळे कागदी ताटांवर जेवले होते. तेव्हा आरतीनंच गठ्ठ्यानं ताटं आणली होती आणि साखराबाई म्हणाली होती, “सोन्यासारखी सून हाय, पाण्याची कदर हाय तिला.” पुढं डबा आला, तेव्हा तीच साखराबाई म्हणाली, “पन्नीनं पाणी वाचतंय, डब्यानं पन्नी वाचती. एकदा काय ते ठरीव बाई, माझे गुडघे तेवढेच हाईत.” आरतीनं तेव्हा तिला समजावलं होतं. शाळेतल्या पोरांना समजावतात तसं, हळू आवाजात, वरून खाली. माणूस दुनिया वाचवायला निघाला की पहिला बळी घरातल्या म्हातारीचा जातो, आणि तो बळी आहे हे म्हातारीलाच कळतं. आता मोरीतून डब्यावर घासणी फिरल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, आणि आरती दाराशी उभी राहून आकडे करत होती. अडीच वर्षं. आठवड्याला एकदा, कधी दोनदा. प्रत्येक वेळी तीन पाणी. प्रत्येक वेळी एक पन्नी. म्हणजे पाणीही गेलं, आणि पन्नीही गेली. उलट ज्या घरांत सरळ पन्नी जाते तिथं ती निदान धुऊन कोथिंबीर ठेवायला तरी लागते. हिची पन्नी टोपल्यातून ड्रममध्ये दोन हातांचं अंतर कापून मरत होती. “सोडा आत्या, मी घासते,” ती म्हणाली. “आता? झालं की,” साखराबाई म्हणाली आणि डबा उपडा घातला.

पन्नी. हा शब्द तिच्या तोंडात लहानपणापासून होता, पण त्याची चव तेव्हा वेगळी होती. अर्धापूरजवळच्या त्यांच्या गावात पहिली चांगली पन्नी घरात आली ती नांदेडच्या कापडदुकानातून, जाड, पिवळी, तिच्यावर कमळ छापलेलं. आईनं, तारामतीनं, ती वापरली नाही, नेसली म्हणायचं. लग्नाला जाताना हातात ती पन्नी, आत पातळ आणि पोलकं. आल्यावर साबणानं धुवायची, उलटी करून दोरीवर वाळत घालायची, गादीखाली घडी करून ठेवायची. घराभोवती केळीच केळी, पानं ढोरं खायची, सोयऱ्याधायऱ्यांच्या पंगती पानावर उठायच्या, आणि पानाला कुणी ढुंकून विचारत नव्हतं, कारण पान फुकट होतं आणि फुकट ते हलकं. आरती नांदेडला बोर्डिंगात राहिली तेव्हा दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरकडून भाकरी यायची, केळीच्या पानात गुंडाळून वर फडक्यात बांधलेली. फडक्याला तेलाचे डाग, पानाचा करपट वास. हदगावची एक पोरगी नाक धरून म्हणाली होती, “आली गं आरतीच्या ढोरांची वैरण.” त्या शनिवारी आरतीनं घरी चिठ्ठी लिहिली होती: भाकरी पन्नीत पाठव, नाहीतर पाठवू नको. पुढच्या शनिवारी भाकरी आली ती पिवळ्या पन्नीत, कमळवाली. सोबत निरोप, पन्नी धुऊन कंडक्टरजवळ माघारी दे. आरतीनं ती खिडकीतून खाली टाकून दिली. धुऊन परत पाठवायची म्हणजे पुन्हा तीच गावंढळ गत. आईनं सुट्टीत तीनदा विचारलं, पन्नी कुठाय गं, आणि तिनं तीनदा सांगितलं, हरवली. चौथ्यांदा आईनं विचारलं नाही. वर्षभरानं गावात पन्न्याच पन्न्या झाल्या, किराण्याला, दह्याला, बांगड्यांना, बांधावर, विहिरीत, म्हशीच्या पोटात. मग कमळवालीची किंमत कोण करतो? पण ती मागितली होती आरतीनं. कुणा कंपनीनं तिच्या बोर्डिंगात येऊन कानात सांगितलं नव्हतं. तिनं चिठ्ठी लिहून मागितली होती. बाजार आपल्या डोक्यावर बसलाय असं सगळे म्हणतात, भाषणात तर फारच. पण बाजाराला घरात बोलावून पाट मांडून कुणी बसवलं, हे विचारलं की सगळे चपला शोधायला लागतात.

सोमवार, मंगळवार, बुधवार तिनं शाळेत दाखले लिहिले आणि दोन चुकवले. मुख्याध्यापकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. ती म्हणाली, हाव, जरा. येत्या रविवारी दुपारी तिच्याच घरी बैठक होती. शेजारच्या दोन कॉलन्यांतल्या बायाही येणार होत्या, आणखी एका हॉटेलवाल्याला तयार करायचं होतं, आणि गटावर दीपमालानं लिहिलं होतं, ‘आरतीताई मार्गदर्शन करतील.’ खाली फुलं, जोडलेले हात. ती फोन उघडायची, ती फुलं बघायची, बंद करायची. सांगायचं की नाही? सांगितलं तर सगळं विरघळणार, डबा आणि खिडकी आणि पाटी, आणि तीही. उरणार एक क्लार्क. नाही सांगितलं तर आणखी पन्नास-साठ बाया डबे घेऊन येणार, आणखी पन्नास-साठ पन्न्या निळ्या ड्रममध्ये जाणार, आणि हे ठाऊक असून ती मार्गदर्शन करणार. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तडक हॉटेलात गेली. दुपारी चारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बालाजीमामा गल्ल्यावर कान कोरत बसला होता. उठला, हात जोडले.

“या ताई. च्या घ्या.”

“चहा नको मामा. तुम्ही डब्यात पन्नीतून ओतताव?”

तो गांगरेल, लपवेल, शांतम्मावर ढकलेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला रागवता आलं असतं. त्यानं कानकोरणं गल्ल्यात टाकलं.

“हाव. मग?”

“मग? पाटी काय लावली तुम्ही?”

“पाटी तुमीच लावाय लावली की. आन मापात द्या हेबी तुमीच म्हणाल्ता.” त्याचा आवाज चढला नाही, उलट समजूत घातल्यासारखा उतरला. “इसरलाव का? गेल्या संक्रांतीच्या टायमाला? हितंच उभ्या हुत्या तुमी, मागं ह्या सगळ्या बाया. म्हणलाव, डब्यात कमी देताव मामा, पार्सलवाल्याला जेवढं तेवढंच आमाला पायजे.”

आणि तिला आठवलं. आठवलं म्हणणं खोटं, ते तिच्याजवळच होतं, फक्त त्याच्यावर तिनं दुसरं काहीतरी ठेवलं होतं. तोवर मामा पळीनं डबे भरायचा, अंदाजानं. कुणाचा डबा मोठा, त्यात भाजी तळाशी दिसायची. कुणाचा लहान, त्यात काठोकाठ. दर वेळी कुरकुर. मग एक दिवस तीच पुढं झाली होती, आवाज चढवून, बोट दाखवून, आणि मागून ‘हाव, हाव’ असा गलका उठला होता. किती बरं वाटलं होतं तेव्हा! घरी येऊन गटावर लिहिलं होतं, ‘ग्राहकराणी जागी झाली.’ शेहेचाळीस जणींनी अंगठे दिले होते.

“पळीला माप नसतं का मामा? मापाची पळी घ्या, डाव घ्या.”

“घेतली हुती ताई. घेतली हुती. चार दिस. बायाच म्हणल्या, पळी भरली का अर्धी कोण बघतंय आत? पन्नी कशी, डोळ्याला दिसती. सगळ्याला येकच. आन आयतवारी सकाळी अकरालाच आमी दोनशे पन्न्या भरून ठिवताव, म्हणून तर तुमची खिडकी दोन मिंटात हालती. पळीनं द्यायचं म्हणलं तर येका डब्याला पाच मिंट. मग खिडकी बंद करावी लागंल, पुरुषाच्या रांगेत हुभारावं लागंल सगळ्यांला. हाय का तयारी?” तो थांबला, आणि मग खरोखर कळवळून म्हणाला, “म्या इमानदारीनं सांगून राहिलो ताई, मला ह्यात काय फायदा? पन्नीबी माझीच जाती, डब्याची खिडकीबी माझीच. गिऱ्हाईकानं पन्नी मागितली, दिली. डबा मागितला, दिला. माप मागितलं, दिलं. आता अजून काय देऊ? तुमी सांगा, तेबी देतो.”

चहा आला होता, कागदी कपात. तिनं तो घेतला आणि पिऊन टाकला. कप ठेवताना तिच्या लक्षात आलं, की ह्या माणसानं अडीच वर्षांत तिचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. नवऱ्यानं, मुख्याध्यापकानं, सख्ख्या भावानं तिचं इतकं कधी ऐकलं नव्हतं. जगात एक माणूस तिचं तंतोतंत ऐकणारा निघाला, आणि त्या ऐकण्यातून निळा ड्रम भरला.

रविवारी बाया आल्या. एकवीस. सतरंजी पुरली नाही, साखराबाईनं आपली वाकळ दिली आणि स्वतः भिंतीशी खुर्चीवर बसली. नव्या कॉलन्यांतल्या पाच-सहा जणी पदर सावरून पुढं बसल्या, शिकायला आल्यासारख्या. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, हसणं, कुणाच्या पोरीला नीटला किती पडले, कुणाची सून कितव्यांदा माहेरी गेली. आरती उभी राहिली. रात्रंदिवस तिनं वाक्यं जुळवली होती, आधी कारण, मग चूक, मग उपाय. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही आलं नाही. ती म्हणाली, “तो डब्यात पन्नीतून ओततो. पन्नी भरतो, कापतो, आपल्या डब्यात पिळतो, टाकून देतो. पहिल्यापासून नाही, गेल्या संक्रांतीपासून. माझ्यामुळं. तेव्हापासून आपण एकही पन्नी वाचवली नाही. एकही नाही.”

आता गलका होईल. कुणी उठून जाईल. कुणी म्हणेल, आमचे गुडघे मोडले तुझ्यापायी. तिनं वाट बघितली. पुढं बसलेल्या नव्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जुन्या मात्र नाही. जुन्या खाली बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आश्चर्य नव्हतं. लग्नघरात नवरदेवाची वाईट सवय सगळ्यांना ठाऊक असते आणि नवरीच्या आईला शेवटी कळते, तेव्हा बाकीच्या बायांचे चेहरे असे होतात.

दीपमालानं धपाट्याचा तुकडा ताटलीत ठेवला. “आगं, म्हाईत हाय की,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“पन्नीचं. उन्हाळ्यात मीच बघितलं. हिनंबी बघितलं. तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई बोलल्या कुणी.”

“मग डबा कशाला नेताव तुम्ही?”

“वेगळ्या खिडकीसाठी!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या फसकन हसल्या, अडकलेलं पाणी सुटावं तशा. “त्या रांगेत पुरुष कसे खेटतात, तुला काय सांगायचं आरती. आयतवारी तर निम्मे पिऊन आलेले. डबा दाखवला की दोन मिंटात मोकळं. माझी सून तर रिकामा डबा घेऊन जाती आन भाजी पन्नीतच आणती, धुवायची कटकट नको.”

“आन माप बराबर येतंय,” दुसरी म्हणाली. “पळीनं देत हुता तवा माझा नवरा म्हणायचा, वाटंत खाल्लीस का काय?”

पुन्हा हशा. साखराबाईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. आरती उभीच होती. तिला राग यायला हवा होता, आणि तो येईना. ह्या बाया खोट्या नव्हत्या. त्यांना गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका दारात रांग न लावता, धक्का न खाता, नाव घेऊन बोलावलं गेलं होतं. ते त्यांनी घेतलं होतं आणि बदल्यात तिला तिची पाटी ठेवू दिली होती. म्हणजे उन्हाळ्यापासून त्या तिला सांभाळत होत्या. लहान पोर लुटुपुटीचा चहा देतं तेव्हा आपण सुर्रकन ओढल्यासारखं करतो, तसं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. “असं नाही चालणार. मामा तयार आहे पळीनं द्यायला. मी बोलले आहे. फक्त वेगळी खिडकी बंद होईल. सगळ्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल, अर्धा तास, पाऊण तास लागेल. कमी-जास्त भाजी येईल, ती चालवून घ्यायची. पण पन्नी खरंच वाचेल. कोण तयार आहे? हात वर करा.”

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. खाली गल्लीत भंगारवाल्याची हाक गेली. एकीनं मांडीवरच्या पोराची टोपी नीट केली. नव्या कॉलनीतली एक बाई हात वर करते की काय असं वाटलं, पण ती केस मागं सारत होती. आरती एकेकीकडं बघत गेली, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, आणि परत. ती बघत असताना तिच्या डोळ्यांसमोर ती दुसरी रांग उभी राहिली, उन्हातली, घामाच्या वासाची, कोपरं आणि छात्या आणि तोंडात गुटख्याची गुळणी धरून मागून येणारे श्वास, आणि त्या रांगेत, पाटी नसलेल्या हॉटेलासमोर, पाऊण तास उभी असलेली एक बाई.

“ताई,” दीपमाला म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “आन तुझा गं?”

आरतीनं खाली बघितलं. तिचे दोन्ही हात पोटाशी होते, एकमेकांत घट्ट गुंतलेले. ते सोडवायला फार वेळ लागला नसता. सगळ्या बघत होत्या, वाट बघत होत्या, आणि तिच्यासारखंच करायला खरोखर तयार होत्या, हेही तिला दिसत होतं. तिनं वर केला असता तर दोघीचौघींनी तरी केला असता.

“चहा टाकते,” ती म्हणाली, आणि आत गेली.